टीचरांचे निवडुंग

कॅनडातल्या सस्काटूनमध्ये सगळे दारातला बर्फ शोव्हल करून बाजूला फेकतात. आमच्या शेजारच्या टीचर फेकत नसत. फावडंभर बर्फ जपून उचलायचा, दक्षिणेच्या भिंतीपाशी न्यायचा आणि खडी-वाळूच्या एका उंचवट्यावर हलकेच पसरायचा. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा एक कण असलेला बर्फही तिथे चालत नसे. त्या बर्फाखाली त्यांचे निवडुंग होते. उणे पस्तीसच्या थंडीत, उघड्यावर!

टीचर वसईच्या, ख्रिस्ती. तिकडे शाळेत शिकवायच्या, म्हणून इथेही टीचरच. मी मुलाकडे नवीन आले तेव्हा कुणाशी बोलत नसे. चौथी शिकलेली बाई, या गावात काय बोलणार? टीचर कुंपणावरून हाक मारायच्या, "बाय, ये, माझी पोरं बघ."

मी विचारलं, कुंडीत लावून घरात का नाही ठेवत?

"अगं, हे इथल्याच माळावरचे. एका शेतकऱ्याला विचारून आणले. थंडी त्यांना नवी नाही. तुला-मला नवी."

त्याच ऑक्टोबरात टीचर आपल्या मुलीच्या बाळंतपणाला दूर लव्हाल शहरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "लक्ष ठेव गं."

आठवडाभरात निवडुंगांची पानं आक्रसली, सुरकुतली, जांभळी पडून जमिनीला टेकली. नातू म्हणाला, "आजी, दे आर डेड." विश्वासाने सोपवलेली झाडं! दारचं झाड तहानेनं मारणं आमच्याकडे पाप मानतात. मग रोज अंघोळीनंतर घरातल्या तुळशीला पाणी घालून मी एक तांब्या तिकडे नेऊ लागले. अजून ऊन पडत होतं. हळूहळू पानं टरारून फुगली. मी जगवली म्हणून मला कोण आनंद!

टीचर परत आल्या, वाफा पाहिला आणि तिथेच खडीवर बसल्या.

"पाणी घातलंस?"

मी मान हलवली.

"किती?"

"रोज तांब्याभर."

"अगं बाय! अंगातलं पाणी टाकून टाकून ती झोपायला निघाली होती. भरलेली बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर काय होतं?"

वाफा सुकावा म्हणून त्यांनी वर प्लास्टिकचं छप्पर केलं, मी विटा धरल्या. पण चारच दिवसांत पारा उणे अठरावर गेला.

त्या हिवाळ्यात मी त्या बाजूच्या खिडकीशी जात नसे. टीचर मात्र छप्पर काढून नेहमीसारखा बर्फ पसरत होत्या. एकदा धीर करून विचारलं, "मेले असले तरी?"

"ते एप्रिलमध्ये कळेल. आत्ता थंडी आहे, पांघरूण घालायचं."

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. खाली काळा, बुळबुळीत चिखल झाला होता. टीचरांनी माझ्या हातात पोळ्यांचा चिमटा दिला. "तूच काढ." मी रडत रडत एकेक कुजलेलं पान उचललं. उंचवट्याच्या माथ्यावर, जिथून पाणी निथळून गेलं होतं, तिथे चार रोपं शिल्लक होती. सुरकुतलेली, पण आतून घट्ट.

जूनमध्ये त्यातल्या एकावर फूल आलं. पिवळं, रेशमासारखं, बोट लावायलाही भीती वाटावी असं. उणे चाळीस सोसलेल्या काट्यांमधून हे आलं, यावर माझा विश्वास बसेना. मी नुसती बघत उभी राहिले.

गेल्या वर्षी त्या कायमच्या मुलीकडे गेल्या, कॉन्डोत, अंगण नसलेल्या फ्लॅटमध्ये. जाण्याआधी त्यांनी बादल्या भरभरून खडी आमच्या अंगणात ओतली आणि ती चार रोपं तिथे लावली.

"माझ्याकडे नको, टीचर. मी मारली होती."

"म्हणूनच तुझ्याकडे. दुसऱ्या कुणाच्या हातून ती चूक अजून व्हायची आहे. तुझी होऊन गेली."

परवा त्यांचा फोन आला. बाहेर गारठा वाढला होता आणि मी खिडकीतून वाफ्याकडेच बघत होते.

"कशी दिसतात गं?"

"अगदी मेल्यासारखी, टीचर."

"मग छान आहेत," त्या म्हणाल्या.