सामान नेऊ देता ना?

तो माझ्या दिघीच्या घरातला, वरच्या खोलीतला भाडेकरू. चाकणला कंपनीत जायचा. आमच्या ह्यांनी काढलेले, आता नसलेल्या शेताचे फोटो मला वेबसाइटवर ठेवायचे होते. ह्यांच्या मागे तेवढेच उरलेत हो. म्हटलं, "फुकटातली जागा बघ रे."

"मावशी, फुकटच्या खोलीतून कवा उठवतील, नेम न्हाई," म्हणाला, आणि सवयीने बाही वर सारून वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांना फोन लावत बसला. फोटोंना तो सामानच म्हणे. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच, "सोडून जाताना सामान नेऊ देता ना?"

मी घरमालकीण, शेजारी बसून ऐकत होते. कुठल्या दारातून हा रिकाम्या हाताने निघाला असेल, ते विचारवलं नाही.

जो होस्टिंगवाला लगेच हो म्हणाला, त्याच्याकडेच फोटो ठेवले.

परवा पोराने खोली सोडली. त्याचा कुकर मीच जिना उतरून टेम्पोत ठेवला.