लोदचा पूल आणि मलिद्याचा डबा

पूल बघायचा हट्ट माझाच. गेल्या वर्षी, त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, आमच्या मुलीचं, सारूचं, स्थळ लोदला ठरत आलं होतं. मुलाकडची माणसं मूळ बगदादची यहुदी, आम्ही कोकणातले. डिमोनाच्या घरून निघालो, बेर्शेव्याला बस बदलली. तिथे फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे तळलेले वडे, खाल्लं. ते स्टँडवरच खा, पुढे नीट काही मिळत नाही. पुलाकडे सकाळीच जावं, दुपारी ऊन डोकं फोडतं.

मुलाची आई सलीमाबाई आमच्याबरोबर आली. पूल गावाबाहेर, कोरड्या ओढ्यावर. तीन कमानी, जाडजूड दगडी खांब. काही दगड जवळच्या पडक्या चर्चचे काढून बसवले, असं म्हणतात. त्यावरून अजून ट्रक जातात. आम्ही ओढ्यात उतरलो. वर बघतो तर दगडात कोरलेल्या अक्षरांच्या दोन बाजूंना दोन सिंह. आमच्या कोकणातल्या मशिदीत, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, तोऱ्याच्या पवित्र पोथीच्या कपाटावर होते तसेच.

मला भरूनच आलं. आपल्या जुन्या यहुदी राजांचा पूल, असं सगळ्यांना ऐकवलं. ठरण्याआधी नवस म्हणून बायकोने मलिदा, गूळ-खोबरं घातलेले भिजवलेले पोहे, आणला होता. तो डबा मी कमानीखाली उघडून ठेवला, डोक्यावर रुमाल घेतला आणि नवसाला पावणाऱ्या आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेतलं.

सलीमाबाईंनी वरची अरबी अक्षरं वाचली. "सुलतानाने बांधवलाय," त्या हिब्रूत म्हणाल्या. "सिंह त्याचेच. पंज्याशी उंदीर बघा, तो त्याचा शत्रू." मग डब्याकडे बघून विचारलं, "तुमच्यात हे असंच असतं?"

तेव्हा आमच्या लोकांना खरे यहुदी मानावं की नाही, याची गावोगाव चर्चा चालली होती. माझे कान तापले. सारूचं लग्न मोडतंय असं वाटलं आणि मी हिब्रूत बोलून गेलो, "छे, खेड्यातल्या बायकांचं खूळ."

बायकोला तेवढं हिब्रू कळतं. तिने डब्याला झाकण लावलं. मला तिच्याकडे बघवेना.

सारूने तो डबा घेतला, उघडला, सलीमाबाईंपुढे धरला. "आमच्यात असतं," ती म्हणाली. "माझ्यासाठीच केलाय. घ्या."

त्यांनी चिमूटभर पोहे-खोबरं तोंडात टाकलं. मग बोटं रुमालाला पुसली. परतीच्या बसमध्ये बायको डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली.

आठवड्याने निरोप आला: स्थळ पसंत, आणि येताना तो गोड डबा आणा.

मी आनंदाने सांगायला स्वयंपाकघरात गेलो. बायको भांडी पुसत होती. "तुमीच करा," ती म्हणाली. "मना खेड्यातलं खूळ नको."

सारूचं लग्न झालं, छान झालं. कुणी लोदला गेलात तर पूल जरूर बघा. आमच्या घरी मलिद्याचे पोहे मात्र तेव्हापासून मीच भिजवतो, आणि ते कधी नीट भिजत नाहीत.