विहिरीवरचा बोलका स्टार्टर

पोलिसातून निवृत्त झालो, पण पासली गावच्या एका विहिरीवर ऐकलेला तो गोड बायकी आवाज काही मनातून जात नाही. आठवला की अजून अंगावर काटा येतो.

दुपारी वेल्ह्याच्या ठाण्यात फोन आला. बाई रडत होती. "सायेब, माज्या थोरल्या दिरानं मालकाला हिरीत मारलं! ‘मोटर चालू’ म्हनल्यालं म्या माज्या कानानं ऐकलं!"

प्रकार असा. लाईट गेलेली असताना तिचा नवरा विहिरीत उतरून केबल जोडत होता. काठावर मोटर चालू-बंद करणारा डबा, म्हणजे तोंडी हुकमावर चालणारा नवा बोलका स्टार्टर. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "आवाज कुणाचाही चालतो, शिकवावं लागत नाही." लाईट आली, मोटर सुरू झाली, धाकट्याला शॉक बसला. तो पुण्याच्या दवाखान्यात बेशुद्ध. दोघा भावांचं बांधावरून भांडण गावाला ठाऊक. मी थोरल्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल केला. धाकटा दगावला असता, तर सरळ खूनच.

"विहिरीवर काय बोललास?" मी दरडावलं.

थोरल्यानं तोंडावर हात दाबला. "न्हाई सायेब. त्ये कुणाचंबी ऐकतंय."

"अरे, डबा पासलीत, तू हितं!"

"पन माजा भाऊ अजून जित्ता हाय."

आरोपी शिक्षेला भितात. हा शब्दाला भीत होता.

मला नाटकाची हौस. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर त्याला विहिरीवर नेलं. मोटरचे फ्यूज काढून माझ्या खिशात टाकले, डबा तेवढा चालू ठेवला. हे हवालदाराला माहीत होतं, थोरल्याला नाही. हवालदार खाली उतरला आणि त्यानं केबल धरली.

ते बघताच थोरल्याचा धीर सुटला. डब्यापुढं हात जोडून तो ओरडला, "मोटर चालू करू नगं!"

"मोटर चालू केली आहे," डबा गोड बायकी आवाजात, लाडात बोलला.

हवालदार किंकाळी फोडून थेट पाण्यात! पंच जागचे हलेनात. मी खिसा चाचपला. फ्यूज तिथंच होते.

खालून हवालदाराची शिवी ऐकू आल्यावर जिवात जीव आला. डब्याला मोटर बंद करायला सांगितलं आणि घसा खाकरून म्हणालो, "मोटर चालू करू नका."

"ठीक आहे. मोटर बंद आहे."

माझं ‘नका’ त्याला कळलं होतं. थोरल्याचं ‘नगं’ कळलं नव्हतं.

मग थोरला हुंदके देत बोलला, "लाईट आली तवा भावजय घराकडनं येत व्हती. ती चालू करंल म्हून वरडलो, सायेब."

धाकटा शुद्धीवर आला तेव्हा मी खाटेशी होतो. त्याच्या बायकोनं विचारायच्या आत तोच म्हणाला, "दादा ‘नगं’ म्हनत व्हता. तुला ऐकू न्हाई आलं?"

"म्या ‘चालू’पातुर ऐकलं," ती खाली बघत म्हणाली.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कुणी ‘नगं’ म्हणालं, तर जबाबात ‘नगं’च लिहिलं गेलं. आणि तो शब्द येईपर्यंत आम्ही थांबायला शिकलो, कारण आपल्या भाषेत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो.