वास्त्याची बरणी

आमच्या जामसरात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, रांधावेत ते माझ्या थोरल्या बहिणीने, नवशीनेच. चिरून दोन पाण्यांत उकळायचे, उरलेले मीठ लावून चुलीवरच्या माळ्यावर कडक वाळवायचे. आणि दुसऱ्याला द्यायच्या आधी पहिला घास स्वतः खायचा, हा तिचा हट्ट.

तिची जिवाभावाची मैत्रीण उज्ज्वला. दोघी एका पाटीवर शिकल्या, एकाच मांडवात लग्नाला उभ्या राहिल्या. उज्ज्वला बचत गटाची अध्यक्ष झाली आणि तिच्या डोक्यात जवळच्या शिरपामाळला येणाऱ्या पर्यटकांना बरण्या विकायचं खूळ शिरलं. कोंब नुसते वाफवून, आंबट न घालता, तेलात बुडवून झाकण घट्ट लावायचं. नवशी म्हणाली, ओलं असं कोंडू नये. पण मैत्रिणीपुढे तिचं कधी चाललं का?

विक्रीच्या आदल्या दिवशी नवशीने चव बघायला बरणी मागितली. उज्ज्वला म्हणाली, ही कालचीच, ताजी आहे. वासही चांगला होता. नवशीने नाचणीच्या भाकरीबरोबर वाटीभर खाल्लं, न तापवता.

दुसऱ्या दिवशी तिला माझ्या जागी दोन पुष्पा दिसायला लागल्या. मी हसले, देवा, मी हसले! संध्याकाळपर्यंत पापण्या खाली आल्या, जीभ जड झाली, पाणी गिळवेना. ताप नव्हता. जव्हारहून तिला नाशिकला हलवलं, उज्ज्वला सोबत आली. मी केसपेपर काढायला गेले होते, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, बंद डब्यातलं, बरणीतलं काही खाल्लं का? उज्ज्वलेने सांगितलं, नाही, रानातली अळंबी खाल्ली.

उपचार अळंबीचे सुरू झाले. दुपारी डॉक्टरांनी मला अळंबी कोणती होती ते विचारलं, तेव्हा मी चक्रावले. म्हटलं, कसली अळंबी? तिने बरणीतले वास्ते खाल्लेत. तोवर नवशीचा श्वास अडखळायला लागला होता. लगेच मशीन लावलं, विषावरचं औषध मागवलं. डॉक्टर म्हणाले, हा बोटुलिझम. मातीतला जंतू, हवा कोंडली की बरणीत विष करतो. दहा मिनिटं खळखळून उकळलं असतं तर विष मेलं असतं. औषध पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरायला महिने लागतात.

मी गावी येऊन गटाच्या खोलीत पाहिलं, तर चार बरण्यांची झाकणं फुगलेली. गौराने, गटातल्या बाईने, मान खाली घालून सांगितलं की नवशीला दिलेलं झाकणही फुगलं होतं. उज्ज्वलेने ते उघडून पुन्हा लावलं होतं. महिन्यापूर्वी भरलेली बरणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या बरण्या मी आरोग्यसेविकेच्या ताब्यात दिल्या.

पाचव्या आठवड्यात नवशीची श्वासाची नळी निघाली. उज्ज्वला सफरचंदं घेऊन आली आणि तिचा हात धरून रडायला लागली. मी तिला हाकलणारच होते, पण नवशीचे ओठ हलले.

"तू डॉक्टरांना अळंबी म्हणालीस," ती एकेक शब्द ओढत बोलली. "माझे डोळे मिटलेले होते. कान नव्हते मिटले."

उज्ज्वलेचं रडणं थांबलं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुला शुद्धच नाही."

नवशीने हात सोडवून घेतला. पाच आठवड्यांत तिने स्वतःहून हात हलवला, तो पहिल्यांदाच.