गुडघे मोजणारा साहेब

शेवंता विहिरीत पडली तेव्हा 'कामास योग्य' असं लिहिलेला कागद तिच्या कनवटीला होता, आणि तो लिहिणारा साहेब काठावर उभा राहून मला विचारत होता, "बाई, ती नेमकी कितव्या पायरीवरून घसरली?" इतका शिकलेला आणि इतका अडाणी माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. गावातली धडधाकट माणसं सगळी तलावाच्या कामावर गेलेली. काठावर शेवंताची सासू, दोन म्हाताऱ्या, मी आणि हा. मी म्हटलं, "साहेब, मोजणी मागनं करा. आदी बूट काढा आन खाली उतरा."

त्या मोठ्या दुष्काळात हा आमच्या भूमकडच्या सरकारी दवाखान्यात आला होता. मी तिथं आया होते. खडी फोडताना, दगड वाहताना ज्यांचे हातपाय मोडले ती माणसं पुन्हा कामाला कशी लागतात, याचं संशोधन करायला त्याला शहरातून पाठवलं होतं. शाळेतल्या पोरांकडे असतो तसला, पण हातभर लांब पट्टीचा कोनमापक त्याच्या काखेत कायम असायचा. आल्या आल्या त्यानं डॉक्टरांचा गुडघा मोजला, शिपायाचा मोजला, आणि मी वाकून फरशी पुसत होते तर माझी कंबर मोजायला आला. मी ओलं फडकं उगारलं तेव्हा मागं सरला. चहा समोर ठेवला तर हातातला कागद पुरा होईपर्यंत त्याला शिवायचा नाही, मग त्यातली माशी काढून प्यायचा आणि "छान झालाय" म्हणायचा. कसला छान? दूध होतं कुठं त्या साली! त्याच्या छापील कागदावरचा पहिलाच प्रश्न होता, खुर्चीवरून आधाराशिवाय उठता येतं का? आमच्या गावात खुर्च्या दोन, एक डॉक्टरांची आणि एक पाटलाची. त्यांच्यावरून उठायची पाळी दुसऱ्या कुणावर येणार? पण साहेबाला कागद भरायचा होता. तो डॉक्टरांची खुर्ची उचलून व्हरांड्यात आणायचा आणि येईल त्याला बसवायचा.

शेवंताच्या गुडघ्यावर पाझर तलावाच्या कामावर दगड पडला होता. पाच महिने झाले तरी गुडघा वाकत नव्हता. नवरा नाही, दोन पोरं, आणि 'कामास योग्य' अशा दाखल्याशिवाय मुकादम हजेरीत तिचं नाव घेईना. नाव नाही तर पोरांच्या ताटात कामावर वाटली जाणारी सुकडी नाही. पहिल्यांदा ती सासूबरोबर आली. साहेब म्हणाला, "बसा." ती उभीच. "अहो बसा, बसून दाखवा." ती खाली मान घालून उभीच. साहेबानं लिहिलं, बसता येत नाही. पंधरा दिवसांनी एकटीच आली. बसली, पाय लांब करून, आणि उठली. साहेब नाचायचाच बाकी राहिला. "कोन तोच आहे, पण बाई उठबस करायला शिकली! हेच तर मला सिद्ध करायचं होतं!" मला खरं कारण ठाऊक होतं. पदर तोंडाला लावून मी हसले आणि झाडत राहिले. तिला दाखला मिळतोय, पोरांच्या पोटात काही पडेल, तर मी कशाला तोंड उघडू?

दुसऱ्याच दिवशी सासूनं तिच्या हातात घागर दिली. "कागदावर लिवलंय न्हवं बरी हाय म्हून? मग काय मी उतरू व्हय या वयात?" दवाखान्यामागच्या विहिरीत पाणी तळाला वाटीभर. दगडी पायऱ्या उतरून वाटग्यानं भरावं लागायचं. न वाकणारा गुडघा घेऊन ती निम्म्यावर गेली आणि तिथून खाली.

तर साहेबानं बूट काढले, मोजे पायातच ठेवले. दोन पायऱ्या उभ्यानं उतरला, मग बूड टेकून लहान पोरासारखा घसरत घसरत खाली गेला आणि थेट त्या पाण्यातच पाय दिला. विव्हळणारी शेवंता कण्हायची थांबली आणि ओरडली, "आवं पाय काडा! प्यायचं पानी हाय त्ये!" मग तिचं डोकं मांडीवर घेऊन तो एका दगडावर अवघडून बसून राहिला. तलावावरची माणसं धावत आली, बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून खाली सोडली आणि तिला वर ओढलं. हात मोडला होता, डोकं फुटलं होतं, वर ताप चढला. जगेल की नाही ते डॉक्टर सांगेनात.

तो व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसला. "बाई, पंधरा दिवसांत ती सुधारली कशी होती?"

"सुधारली न्हवती, साहेब. आदी संगं सासू व्हती. सासूपुढं सून खुर्चीवर बसत न्हाय."

त्यानं काखेतला कोनमापक खाली फरशीवर ठेवला. मग म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

म्हटलं खरं, पण मला स्वतःलाच ते पटलं नाही.

पुढचा महिनाभर मी त्याला शिकवलं. त्याच्या गुडघ्याला बांबूच्या कांबी बांधल्या आणि हातात डबडं देऊन परसाकडे धाडलं. जाऊन आला तो अंगभर काळी माती घेऊन. जात्यावर बसवला, चुलीपुढं बसवला, डोक्यावर घागर देऊन बांधावरून चालवला. बाया हसून लोळल्या. तो पडायचा, उठायचा, लिहायचा. नव्या कागदावर त्यानं पहिला प्रश्न घातला, सोबत कोण आलं आहे? आणि वरच्यांना अर्ज केला की या कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी महिनाभर गावात शिकायला ठेवा, आणि शिकवणारी म्हणून माझं नाव लिहिलं. उत्तर आलं, चौथी पास आयेकडून प्रशिक्षण घेण्याची तरतूद नाही. ते त्यानं मला वाचून दाखवलं. मी हसले. तो हसला नाही.

मग त्याची मुदत संपली आणि दुसरा एक आला, जुनेच छापील कागद घेऊन. त्यानं खुर्ची मागितली.

जाताना आमचा साहेब माझ्या पाया पडला होता, भर दवाखान्यात. मी ओरडले, लोक काय म्हणतील म्हणून. वर्षाकाठी त्याचं कार्ड यायचं, शेवंता कशी आहे, एवढंच विचारणारं. मला लिहिता येत होतं, तरी मी एकदाही उत्तर लिहिलं नाही. मग कार्डं यायची थांबली, आणि तो वारल्याचं डॉक्टरांकडून कळलं.

शेवंता जगली. गुडघा वाकला नाही, हात वाकडा जुळला, तलावाच्या कामावर बायांची तान्ही पोरं सांभाळून तिनं आपली दोन वाढवली. अजून आहे.