ऑस्लोमध्ये एकोणीस डिग्री

आम्ही दोहात राहतो. मी रास लफानच्या गॅस प्लांटवर आहे, शिफ्ट सांभाळतो. रात्रपाळी करून सकाळी कंपनीच्या बसने घरी पोचायचो तेव्हा बायकोचा नाशिकला व्हिडिओ कॉल चाललेला असायचा. पलीकडे तिचे वडील. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती?"

किती म्हणजे किती डिग्री.

"चव्वेचाळीस, बाबा."

"मग पापड घाल की गं गच्चीत."

रोज हेच, आणि रोज दोघं हसायची. मी बूट काढता काढता ऐकायचो आणि मनात म्हणायचो, यांना दुसरं काही बोलायला नाही का.

तीन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही ऑस्लोला फिरायला गेलो होतो. तिथल्या एका दिवशी हा फोन झाला नाही. रेंज नव्हती म्हणून झाला नाही, असं ती समजून होती. रेंज होती. फोन मी होऊ दिला नाही.

सकाळी ती अंघोळीला गेली होती. माझ्या मोबाइलवर मेहुण्याचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"दाजी, बाबांना रात्री जरा दम लागला. ॲडमिट केलंय. तसं काळजीचं काही नाही. ताईला एवढ्यात घाबरवू नका. पण तुम्हाला दोघांना इकडं येता येतंय का बघा."

मी "समजलं" म्हणालो आणि फोन ठेवला.

आखातात राहणाऱ्या माणसाला यातलं काही उलगडून सांगावं लागत नाही. गावाकडून मरणाची बातमी कधी सरळ येत नाही. माणूस लांब, त्यात विमानाचा प्रवास, म्हणून "तब्येत जरा नरम आहे, येऊन जा" असं सांगतात. माझे वडील गेले तेव्हा मला प्लांटवर असाच फोन आला होता. माझा सीनियर म्हणाला, "तिकीट काढ. ॲडमिट म्हणजे खलास, असं समजून चाल." तो बरोबर निघाला. पुढे शिफ्ट माझ्याकडे आल्यावर मीही काही जणांना असंच गोड बोलून विमानात बसवून दिलंय. खोदून विचारायचं नसतं. विचारलं तर समोरच्याला आणखी खोटं बोलावं लागतं.

म्हणून मी विचारलं नाही. सासरे गेले असं धरून चाललो.

ते गेले नव्हते. मेहुण्याने शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं.

तिकिटं बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आधी काही मिळत नव्हतं, म्हणून सकाळचीच काढली. मग स्वतःला समजावलं की गेलेल्या माणसाला एका दिवसाने काय फरक पडणार, तेवढा एक दिवस तरी तिला मिळू दे. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की तो दिवस मला हवा होता. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही कामापुरतं बोलत होतो. ऑस्लोत दोन दिवस ती माझ्याशी हसत होती. आणि ती रडायला लागली की मी काय करायचं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

इंटरनेटचा पॅक फक्त माझ्या फोनवर होता. हॉटेलचं वायफाय खाली लॉबीतच यायचं, म्हणून तिचा फोन माझ्या हॉटस्पॉटवर चालायचा. ती बाथरूममधून बाहेर यायच्या आत मी तो बंद केला.

"अहो, नेट येत नाहीये."

"टॉवरचं काहीतरी असेल. येईल."

"बाबा वाट बघत असतील."

"येईल म्हटलं ना. चल, यल्ला, ट्रॅम जाईल."

ट्रॅमच्या थांब्यासमोर एका दुकानावर तापमानाचा बोर्ड होता. ती रस्त्यातच थांबली. "एकोणीस! अहो, जुलैत एकोणीस! बाबांचा विश्वास नाही बसायचा." तिने फोटो काढला. "नेट आलं की पहिला हा पाठवते."

मी मान हलवली.

आधी आम्ही पुतळ्यांच्या बागेत गेलो. तिथले सगळे पुतळे नागडे. ती पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून इकडेतिकडे बघत होती. मग एका पुतळ्यापाशी येऊन खुदकन हसली. एक दांडगा बाप, आणि हातापायांवर चढलेली चार पोरं तो झटकून टाकतोय.

"हे बाबांचंच. आम्ही चौघं असेच लोंबकळायचो त्यांना. काढा फोटो."

मी फोटो काढला. फ्रेममध्ये तिला नीट बसवून, बोट न हलता काढला. त्याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे ऑपेरा हाउस. त्या इमारतीचं छपर म्हणजे पांढऱ्या दगडाचा उतार, पाण्यातून वर चढत गेलेला, आणि त्याच्यावर लोक चालतात. ती चपला हातात घेऊन वर निघाली. माझ्या खिशात फोन थरथरला. मेहुणा. मला वाटलं, अंत्यविधीला आमच्यासाठी थांबायचं का हे विचारत असेल. कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. "उद्या निघतोय" एवढा मेसेज टाकला आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवला.

"कोणाचा हो?" तिने वरून विचारलं.

"अलार्म वाजला."

"सुट्टीत कसला अलार्म? या वर. घाबरलात का?"

घाबरलो होतोच.

दुपारी बंदरापाशी एका कॅफेत बसलो. पावावर तपकिरी रंगाच्या चीजची चकती आली. तिने तुकडा तोंडात टाकला. "कंदी पेढा! थोडा खारट, पण कंदी पेढाच. बाबांना आवडेल." दोन चकत्या तिने टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. मग एकाएकी उठून ती काउंटरवर गेली आणि वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेऊन आली.

"एवढं सोपं होतं. आपण उगीच सकाळपासून."

"दे, मी टाकतो," मी म्हणालो.

तिने लगेच फोन दिला. मी पासवर्ड टाकला आणि शेवटचं अक्षर मुद्दाम चुकवलं. लागलं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा चुकवला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती, पण चष्मा पर्समध्ये होता.

"तुम्हालाही जमेना? प्लांट कसा चालवता हो तुम्ही?"

"इथला नंबर लागत असेल त्याला."

"राहू दे. रात्री हॉटेलवर बघू. पण आज बाबांचा फोन चुकलाच." चिठ्ठी तिने कपाखाली सरकवली. ती बंदरातल्या बोटींकडे बघत बसली. मी बेटावर जाणाऱ्या बोटीची गोष्ट काढली, आणि ती पुन्हा खुलली. आम्ही बोटीतूनही फिरून आलो.

हॉटेलवर परतलो तेव्हा खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं. ती टबाच्या काठावर बसून पाय शेकत होती. मी फोन चालू केला. मेसेज एकापाठोपाठ एक उतरले.

"दाजी, बाबा बोलताहेत. ताईला विचारताहेत. व्हिडिओ करा."

"ताईचा लागत नाही. तुमचाही नाही."

"लवकर करा."

त्यानंतर बऱ्याच वेळाने आलेला एक. "गेले."

मी ते सगळे पुसून टाकले. मग बाथरूमच्या दारात उभा राहिलो. "अगं, तुझ्या भावाचा फोन होता. बाबांना ॲडमिट केलंय. जरा नरम आहेत."

तिने नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. तीही माझ्याइतकीच वर्षं दोहात काढलेली.

"कधी गेले?"

ती खाली औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणायला गेली, मला बरोबर येऊ दिलं नाही. तेवढ्यात मी मेहुण्याला फोन केला. रेंज नव्हती म्हणालो. आणि म्हणालो, "बाबा शुद्धीत नव्हते असंच सांगा तिला. नाहीतर जन्मभर जीव जाळत बसेल." तो मग "बरं" म्हणाला. त्याला वाटलं, मी बहिणीची काळजी करतोय.

तीन वर्षं हे तसंच राहिलं. परवाच्या शुक्रवारी आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी घरी आली होती. नव्याने दोहात आलेली, आयटीत आहे. तिचे वडील सोलापूरला हॉस्पिटलात आहेत. बायको तिला धीर देत होती. "माझंही असंच झालं गं. आमची रेंजच नव्हती त्या दिवशी. एक बरं, ते शुद्धीतच नव्हते. मला शोधत असते तर मी काय केलं असतं?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी टेबलावर ठेवला, पण खाली बसता आलं नाही.

ती पाहुणी मुलगी गेल्यावर मी सांगितलं. हॉटस्पॉटपासून सगळं. चुकवलेलं अक्षरही. तो दिवस मला हवा होता, हेही. ती मध्ये एकदाच बोलली, "थांबा," आणि गॅस बंद करून आली. माझं संपल्यावर तिने फोन उचलून भावाला लावला, स्पीकरवर.

"त्या दिवशी बाबा बोलत होते ना?"

 मग मेहुणा म्हणाला, "दाजी आहेत का तिथं?"

"आहेत. तू सांग."

"बोलत होते ताई. चहा मागितला, दोन चमचे घेतला. तू कुठं आहेस विचारलं. मी म्हटलं, नॉर्वेला. तर म्हणाले, तिथं आज किती, विचार तिला. तुझा फोन लागेना."

ती उभीच होती. एक हात ओट्यावर.

"एकोणीस होतं," ती फोनमध्ये म्हणाली.

"काय?"

"तिथं. एकोणीस डिग्री होतं. माझ्याकडे फोटो आहे."

मग तिने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि आमच्या मुलीच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मी ओट्यावरचे कप विसळले. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला कुणी हाक मारली नव्हती.