मामांच्या परसातली ‘स्वच्छ’ माती

झाशीला जायचं ठरलं ते किल्ल्यासाठी नव्हे, पालकासाठी. हसू नका. माझी मामेबहीण मृणाल तिथल्या एका कॉलेजात शिसं उतरलेल्या मातीत भाजी वाढवून बघते. "ताई, कुंड्या बघायला ये," असा तिचा फोन आला आणि मी बॅग भरली. मामांच्या परसातली भाजी खायला मला कुठलंही निमित्त चालतं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: स्टेशनचं नाव बदललंय, तिकीट काढताना नवं नाव शोधा. बाहेर ई-रिक्षावाले एकटं माणूस बघून अख्ख्या रिक्षाचं भाडं सांगतात. ‘सवारी में’, म्हणजे इतरांबरोबर बसून, असं म्हणा; वीस रुपयांत मामांच्या प्रेम नगरात पोचाल.

मामा भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरतं. जेवायला मेथीची पातळभाजी होती. त्यांची सून नेहा जवळच्याच मऊरानीपूरची, तिला सहावा महिना. तिच्या ताटात मामा वाढतच होते, अन् माझ्याही. "बेटा, और लो. घरची आहे, बिना दवाई की."

दुसऱ्या दिवशी किल्ला उन्हाआधी उरकला. पोहे-जलेबी खाऊन छावणीच्या शांत रस्त्याने कॉलेजात गेले. कुंड्यांच्या तीन रांगा होत्या. पहिलीत नाल्याकाठची विषारी माती. पालक पिवळा, खुरटलेला. दुसरीत तीच माती, पण लोहाचे अतिसूक्ष्म कण आणि मातीतलेच जिवाणू मिसळलेली, पालक हिरवागार. धातू मुळाशीच अडकतो, पानांत कमी चढतो, असं मृणालने समजावलं. तिसरी रांग तुलनेसाठी स्वच्छ मातीची. ती माती मामांच्या परसातली.

मी फोटो काढत होते, तेव्हा मृणाल हळूच म्हणाली, "ताई, तिसऱ्या रांगेतही शिसं निघालंय. मी दोनदा तपासलं. आज घरी सांगायचंय, म्हणून तू हवी होतीस."

काल दोनदा वाढून घेतलेली मेथी आठवली, आणि मग नेहाचं ताट.

मग तिने कारण सांगितलं. पावसाआधी मागच्या नाल्याचा काळा गाळ परसात पसरायचा, ही इथली जुनी रीत. काही वर्षांपूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम सुरू झालं. मृणाल विषारी माती आणायची ती त्याच नाल्याकाठची! मामांना तो गाळ परसात आणून टाकताना ती लहानपणापासून बघत आली होती, म्हणूनच तिला कधी शंका आली नाही.

घरी तिने सांगितलं. मामा आधी हसले, मग भडकले. नेहाचा हात पोटावर गेला.

"मग तुझं ते औषध टाक ना! कुंडीत चालतं तर इथे का नाही?"

"कुंडीत कमी होतं बाबा, संपत नाही. वहिनीने ही भाजी खावी, असं मी म्हणू शकत नाही."

"फिर किस काम का?" मामा म्हणाले. मला मृणालचं फार वाईट वाटलं.

सकाळी आरडाओरड्याने जाग आली. मामांनी वाफ्यांतली सगळी भाजी उपटली होती. हिरवा पाला फेकायचा नाही, गाईला घालायचा, या सवयीने तो ढीग त्यांनी फाटकाशी आलेल्या गाईपुढे टाकला होता, आणि मृणाल गाईच्या तोंडातून पाला ओढून काढत होती. नेहा दारात उभी राहून रडायला लागली. "पापाजी, दूध तो इसी का आता है."

मामा तिथेच पायरीवर बसले. त्यांचे हात मातीने भरलेले होते. जवळच ओरछ्याला जायचा बेत मी रद्द केला.

नाशिकला घरी परत येऊन आठवडा झाला. झाशीला जरूर जा. किल्ला बघा, गरम जलेबी खा. मला मात्र सध्या मंडईतल्या हिरव्या जुडीकडे बघवत नाही.

काल मामांचा फोन आला. नेहाच्या रक्तात शिसं सापडलंय; डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत, बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही म्हणाले. परस त्यांनी प्रयोगासाठी मृणालच्या हवाली केलंय. मग म्हणाले, "सुमे, तूही तपासून घे. तुलाही मीच आग्रहाने वाढलं."

"मामा, दोन जेवणांनी काय होतंय?"

"और नेहा को?" त्यांनी विचारलं.

दोघांनीही फोन ठेवला नाही.